पासीच्या पत्त्यावर आलेली पत्रं

प्रश्न असा आला आहे: "मी इतिहासात एम. ए. करते आहे. प्रबंधासाठी बेंजामिन फ्रँकलिनचा फ्रान्समधला काळ घेतला आहे. त्याला आलेली पत्रं वाचायला बसले तर पानंच्या पानं नोकरी मागणाऱ्यांची, पैसे मागणाऱ्यांची, ओळख काढणाऱ्यांची. मुत्सद्देगिरी त्यात दिसतच नाही. त्याने स्वतः लिहिलेली पत्रं वाचली तर पुरेसं नाही का? आलेल्या पत्रांचं नेमकं करायचं काय?"

पुरेसं नाही. का नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

माझी सुरुवात पुण्यात मोडी कागदांपासून झाली. आमच्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली: मजकुराला हात घालण्याआधी पत्र कधी पोचलं ते शोधायचं. पेशवाईतल्या पत्रांवर बऱ्याचदा बारीक अक्षरात 'पे॥' असं लिहून तारीख घातलेली असते. पे॥ म्हणजे पेवस्त, पत्र हाती पडलं तो दिवस. लिहिल्या तारखेवरून लिहिणाऱ्याला काय माहीत होतं ते कळतं, पेवस्त तारखेवरून घेणाऱ्याला कधीपासून माहीत होतं ते कळतं, आणि इतिहासात चुका होतात त्या या दोन तारखांच्या मधल्या जागेत. पुढे मी इंग्रजी आणि फ्रेंच कागदांकडे वळले. छापील खंड हातात आले, पडद्यावर स्वच्छ टंकलेला मजकूर दिसायला लागला आणि कागदाची पाठ बघायची सवय सुटली. ती परत लागायला मला फ्रँकलिनच्या मुलीचं एक पत्र कारण झालं. त्याकडे येतेच.

आधी त्या टेबलाची कल्पना करा. डिसेंबर १७७६ मध्ये फ्रँकलिन, इंग्लंडविरुद्ध बंड केलेल्या अमेरिकन वसाहतींचा वकील म्हणून, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. बरोबर दोन नातवंडं, एक सोळा वर्षांचा टेंपल आणि दुसरा सात वर्षांचा बेनी. १७७७ च्या सुरुवातीला पॅरिस आणि व्हर्सायच्या मध्ये असलेल्या पासी गावात, शोमाँ नावाच्या धनिकाच्या हवेलीच्या आवारात त्याने बिऱ्हाड केलं आणि जुलै १७८५ पर्यंत तिथेच राहिला. वकिलात म्हणावी तर ती एवढीच. प्रशिक्षित कारकून नाही, दफ्तरदार नाही. नातू टेंपल हाच चिटणीस. एप्रिल १७७८ मध्ये जॉन ॲडम्स सहकारी म्हणून आला तेव्हा ना नोंदवही, ना पत्रांची बारनिशी, ना हिशेबाची वही असा कारभार बघून तो अस्वस्थ झाला होता. फ्रँकलिन आला तेव्हा तो ज्या देशाचा वकील होता त्या देशाला युरोपात कोणी राज्य म्हणून मानलेलंही नव्हतं. अशा वकिलाकडे दरबारी भेटीगाठी कमी आणि टपाल जास्त असतं. आणखी एक गोष्ट विसरू नका: त्या काळी टपालखर्च साधारणपणे पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. म्हणजे ज्या पत्रांना तुम्ही कंटाळलात, त्यांच्यासाठी त्याने पैसे मोजले होते.

आता मुलीचं पत्र. सॅली, म्हणजे सारा बेच, फिलाडेल्फियात राहायची. १७ जानेवारी १७७९ ला तिने बापाला एक लांब पत्र लिहिलं. (त्याच जानेवारीत इकडे वडगावला मुंबईकर इंग्रज मराठ्यांपुढे शरण येऊन तह करत होते, म्हणून ही तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली आहे.) पत्रात महागाईची रड आहे. हातमोज्यांच्या जोडीला सात डॉलर, साध्या जाळीच्या कापडाला वाराला चोवीस डॉलर. शहरात मेजवान्या आणि नाच चालू आहेत. जनरल वॉशिंग्टन आणि त्यांच्या पत्नीबरोबर आपल्यालाही आमंत्रणं येतात, ते तुमची नेहमी चौकशी करतात, असं ती लिहिते. तुमच्या वाढदिवसाच्या रात्री आम्ही एका घरी नाचाला एकत्र होतो, आणि जनरल म्हणाले की आज माझ्या लग्नाला बरोबर वीस वर्षं झाली, हीही हकिगत तिने घातली आहे. आणि मग बापाकडे मागणी: लांब काळ्या टाचण्या, थोडी लेस आणि टोपीला लावायची पिसं पाठवा.

फ्रँकलिनचं उत्तर ३ जून १७७९ चं आहे आणि ते प्रसिद्ध आहे. तू सूत कातून टेबलावरची कापडं केलीस हे वाचून आनंद झाला, पण लेस आणि पिसं मागितलीस तेव्हा कोणी माझ्या स्ट्रॉबेरीत मीठ घालावं तसं वाटलं, असं तो लिहितो. माझ्यासारखी बाह्यांची झालर वापर, भोकं पडली तरी शिवू नकोस, कालांतराने तिचीच लेस होईल. आणि पिसं काय, अमेरिकेत प्रत्येक कोंबड्याच्या शेपटीला असतात. सुरेख लिहिलं आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा केवळ हेच पत्र वाचलं होतं आणि सॅलीबद्दल मत करून मोकळी झाले होते: देश लढाईत आहे आणि पोरीला नटायचं सुचतं आहे. एका टिपणात तसं लिहिलंही.

नंतर केव्हातरी आलेल्या पत्रांकडे वळले. सॅलीच्या घरची आधीची पत्रं वाचली. १७७७ च्या सप्टेंबरात इंग्रज फौज शहरावर चालून आली तेव्हा ती नुकतीच बाळंत झालेली होती आणि तशाच अवस्थेत घर सोडून पळावं लागलं होतं. १७७८ च्या उन्हाळ्यात परत आली तेव्हा घरात उतरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुस्तकं आणि वस्तू नेल्या होत्या. मेजर आंद्रेने तर फ्रँकलिनची भिंतीवरची तसबीरच उचलली होती. अशा दोन वर्षांनंतर, देशाच्या सेनापतीच्या पंगतीला राजदूताची मुलगी म्हणून जाताना तिने बापाकडे थोडी लेस मागितली. सप्टेंबर १७७९ मधलं तिचं उत्तर बघा. एवढीशी हौस केली म्हणून बाबांनी मला इतकं कठोर कसं बोलावं, मला ते किती लागलं हे त्यांना कळलं असतं तर बोलले नसते, असं ती म्हणते. याच बाईने पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातल्या बायकांना जमवून वॉशिंग्टनच्या शिपायांसाठी दोन हजारांवर सदरे शिवून घेतले.

आणि फ्रँकलिनच्या त्या प्रसिद्ध उत्तराची सुरुवात, जी मी घाईत ओलांडून गेले होते: तुझी २२ ऑक्टोबरची आणि १७ जानेवारीची अशी दोन पत्रं माझ्यासमोर आहेत, आणि गेल्या अठरा महिन्यांत तुझी हीच दोन मला मिळाली. अठरा महिन्यांत दोन पत्रं! मुलीचं त्या दीड वर्षातलं आयुष्य त्याच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, आणि त्यावर त्याने मत बनवलं. जानेवारीतला प्रश्न, जूनचा जबाब, त्या जबाबाला सप्टेंबरात उत्तर. बाप-लेकीत गैरसमज व्हायला आणि निस्तरायला वर्ष जातं, तर काँग्रेस (म्हणजे बंड केलेल्या अमेरिकन वसाहतींची प्रतिनिधिसभा) आणि तिच्या वकिलात काय होत असेल? म्हणून प्रत्येक पत्राच्या तीन तारखा आपल्या वहीत टिपा: लिहिलं कधी, पोचलं कधी, जबाब कधी. पोचल्याची तारीख पाठीवर नसेल तर उत्तरात शोधा. "तुमचं अमुक तारखेचं पत्र काल मिळालं" असं बहुतेक जण लिहितात. हे काम कंटाळवाणं आहे, पण तुमच्या प्रबंधाचा कणा यातूनच तयार होईल.

अमेरिकेहून येणारी महत्त्वाची पत्रं दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत, कारण इंग्रज आरमार समुद्रात टपून होतं. पकडलं जाण्याची वेळ आली की कप्तान पत्रांची थैली वजन बांधून समुद्रात टाकी. सप्टेंबर १७८० मध्ये काँग्रेसचा वकील हेन्री लॉरेन्स हॉलंडला निघाला असताना त्याचं जहाज पकडलं गेलं. त्याने थैली पाण्यात टाकली, पण ती बुडायच्या आत इंग्रज खलाशांनी काढली. आत ॲम्स्टरडॅमशी करायच्या तहाचा मसुदा निघाला. लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेला आणि तो मसुदा पुढे करून इंग्लंडने त्याच डिसेंबरात हॉलंडशी युद्ध पुकारलं. न पोचलेलं पत्रही असं काम करतं. त्यामुळे पासीच्या संग्रहात एखादं पत्र नाही म्हणजे ते लिहिलंच गेलं नाही, असा निष्कर्ष कधी काढू नका.

आता तुमच्या याचकांकडे येऊ. ते इतके का होते याला साधं कारण आहे. सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपून बरीच वर्षं झाली होती, युरोपभर बढतीच्या आशेवर बसलेले लष्करी अधिकारी होते आणि अमेरिकेत एक नवी फौज उभी राहत होती. प्रत्येकाला तिथे मोठा हुद्दा हवा होता. फ्रँकलिनने १७७७ मध्ये एका पत्रात लिहिलं आहे की माझ्या मित्रांना गाठून गाठून लोक मला गळ घालायला लावतात, सकाळपासून रात्रीपर्यंत जिवाला चैन नाही, अंगणात गाडी शिरल्याचा आवाज आला की धडकी भरते आणि बाहेर जेवायला जायचीही भीती वाटते. त्याच वर्षी २ एप्रिलला त्याने अनोळखी माणसासाठी द्यायच्या शिफारसपत्राचा एक नमुनाच लिहून ठेवला: हे गृहस्थ अमेरिकेला निघाले आहेत, माझ्याकडे शिफारस मागतात, मला त्यांच्याविषयी काही माहीत नाही, नावसुद्धा नाही, यांच्या गुणांबद्दल यांनाच विचारा, माझ्यापेक्षा त्यांना ते नक्की जास्त माहीत आहेत.

हा नमुना सगळे सांगतात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा आणि विचार करा की तो सरळ नकार का देत नव्हता. अर्ज करणाऱ्याचं नाव सोडा, पत्रात शिफारस कोणाची आहे ते बघा. बहुतेक अर्जांच्या मागे कोणी सरदार, कोणी धर्मगुरू, कोणी मंत्र्याच्या ओळखीची बाई असते. फ्रान्सकडून पैसा, दारूगोळा आणि शेवटी उघड मैत्री हवी असलेला वकील त्या माणसांना दुखवू शकत नव्हता. एक वही करा, प्रत्येक अर्जाचा मध्यस्थ कोण ते लिहा. पन्नास अर्जांनंतर तुमच्या हाताशी पॅरिस आणि व्हर्सायमधल्या वजनदार लोकांचं जाळं असेल, जे फ्रँकलिनच्या स्वतःच्या पत्रांत तुम्हाला कुठेही एका जागी सापडणार नाही. तुम्ही शोधत होतात ती मुत्सद्देगिरी इथे आहे. आणि याच गर्दीतून, पुढे वॉशिंग्टनच्या फौजेत नाव काढलेले पुलास्की आणि श्टॉयबेन शिफारस घेऊन अमेरिकेला गेले, हेही लक्षात असू द्या. ढिगातलं कोणतं पत्र कामाचं निघेल हे त्या दिवशी त्यालाही ठाऊक नव्हतं.

बऱ्याच पत्रांच्या पाठीवर फ्रँकलिनचा किंवा टेंपलचा शेरा असतो. कधी केवळ नाव आणि तारीख, कधी एक ओळ. दोम बेर्नार नावाच्या एका बेनेडिक्टाइन साधूचं पत्र आहे. त्याच्यावर फ्रँकलिनने लिहून ठेवलं आहे की याची जुगाराची देणी मी फेडावीत, म्हणजे हा आमच्या कार्याच्या यशासाठी प्रार्थना करील. असा शेरा हेच अनेकदा त्या पत्राला मिळालेलं एकमेव उत्तर असतं. संपादित आवृत्त्यांत हे शेरे मजकुराच्या खाली, लहान टाइपात देतात. ते आधी वाचा.

माझं मन सगळ्यात जास्त गुंतलं ते कैद्यांच्या पत्रांत. समुद्रावर पकडलेले अमेरिकन खलाशी प्लिमथजवळच्या मिल तुरुंगात आणि पोर्ट्समथजवळच्या फोर्टन तुरुंगात ठेवले जात. मार्च १७७७ मध्ये पार्लमेंटने केलेल्या कायद्याने त्यांना युद्धकैदी न मानता राजद्रोह आणि चाचेगिरीचे आरोपी मानलं. म्हणजे अदलाबदलीचा हक्क नाही. हे लोक पासीला लिहीत: अंगावर कपडे नाहीत, पोटाला पुरत नाही, आमचं सरकार आम्हाला विसरलं का? सुटून फ्रान्सच्या बंदरात पोचलेले घरी जायच्या भाड्यासाठी लिहीत. अक्षर कच्चं, वर्णलेखन कानाला ऐकू येईल तसं. अशी पत्रं मनात न वाचता तोंडाने मोठ्याने वाचा, लगेच उलगडतात.

या प्रकरणातला एक कागद मात्र जवळून बघा. फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्याने पॅरिसमधले इंग्लंडचे राजदूत लॉर्ड स्टॉर्मंट यांना कैद्यांची अदलाबदल करू या असं लिहिलं होतं. पहिल्या पत्राला उत्तर नाही. एप्रिल १७७७ मध्ये पुन्हा लिहिल्यावर एक चिठ्ठी आली. सही नाही, तारीख नाही, मायना नाही. एकच वाक्य: राजाचे राजदूत बंडखोरांचे अर्ज घेत नाहीत, महाराजांच्या दयेची याचना करायला आले असतील तर गोष्ट वेगळी. सही का नाही याचा विचार करा. सही केली, नाव घालून संबोधलं, तर समोरचा पत्रव्यवहार करण्याच्या लायकीचा आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. आपल्याकडच्या दरबारी पत्रांत मायन्यातला एक शब्द कमी-जास्त झाला तरी रुसवे-फुगवे होत, ते ज्याने वाचले आहेत त्याला हा कागद चटकन कळेल. अमेरिकनांनी तो असभ्य कागद लॉर्डसाहेबांकडे त्यांच्या पुनर्विचारासाठी परत पाठवला.

रस्ता शेवटी निघाला तो एका जुन्या स्नेह्याच्या पत्रांतून. डेव्हिड हार्टली पार्लमेंटचा सभासद होता आणि युद्ध चालू असतानाही तो आणि फ्रँकलिन एकमेकांना लिहीत राहिले. महिनोन्‌महिने जहाजाचा परवाना, माणसांची संख्या, बंदर कोणतं, यावर पत्रं गेली-आली, आणि १७७९ च्या वसंतात मिल तुरुंगातले सुमारे शंभर खलाशी पहिल्या अदलाबदलीच्या जहाजाने फ्रान्समधल्या नांतला उतरले. उरलेल्यांना तुरुंगात दर आठवड्याला थोडे पेन्स हातखर्चाला मिळावेत म्हणून फ्रँकलिनने लंडनमधल्या टॉमस डिग्ज नावाच्या माणसाकडे पैसे पाठवले. पुढे विल्यम हॉजसन या लंडनच्या व्यापाऱ्याच्या पत्रांतून कळलं की डिग्जने त्यातले बहुतेक स्वतःच खाल्ले. १ एप्रिल १७८१ चं फ्रँकलिनचं उत्तर वाचा. श्रीमंताची एक गिनी चोरणारा बदमाश असतो, मग गरीब कैद्याला दानात मिळालेले अठरा पेन्स दर आठवड्याला, हिवाळाभर चोरणाऱ्याला काय म्हणायचं? असला माणूस नरकात जात नसेल तर सैतान पाळण्यात अर्थ नाही. एरवी इतका सांभाळून लिहिणारा माणूस इथे का पेटला, हे कैद्यांची पत्रं वाचल्याशिवाय कळत नाही.

पत्र वाचताना पुढचा प्रश्न: हे आणखी कोण वाचत होतं? पासीला पाळत होती, हे त्याला येणारी पत्रंच त्याला सांगत होती. जानेवारी १७७७ मध्ये ज्युलियाना रिची नावाच्या बाईने काँब्रेहून लिहिलं की तुमच्याभोवती हेर आहेत. त्याचं उत्तर असं की आपल्याला लाज वाटेल असं काही करायचंच नाही, म्हणजे हेरांनी बघितलं तर बघू दे. माझा नोकर हेर आहे असं कळलं तरी इतर बाबतीत तो चांगला असेल तर मी त्याला काढणार नाही. विल्यम अलेक्झांडर या स्कॉटिश मित्रानेही लिहिलं: माफ करा, पण तुमचे कागद जरा सैल पसरलेले दिसतात, दोऱ्याचा दोरखंड करणारी माणसं तुमच्याभोवती आहेत. एवढी सूचना मिळूनही त्याला कळलं नाही की सगळ्यात मोठा हेर रोज त्याच्याच टेबलाशी बसत होता. डॉ. एडवर्ड बँक्रॉफ्ट, मॅसॅच्युसेट्सचा, शास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला, अमेरिकन वकिलांची चिटणिशी करणारा. तो दर मंगळवारी संध्याकाळी पॅरिसमधल्या त्वीलरीच्या बागेत एका झाडाच्या ढोलीत दोरीने बांधलेली बाटली सोडायचा. आतल्या कागदावर वरून प्रेमपत्र, ओळींच्या मध्ये अदृश्य शाईने पासीची खबर. हे उघड व्हायला शंभर वर्षं जावी लागली. त्या काळात फ्रँकलिनकडे आलेलं राजकीय पत्र वाचताना वहीत चौथा रकाना करा: लंडनला हे केव्हा कळलं असेल.

(फ्रान्स इंग्रजांविरुद्ध कुठे कुठे हात घालतो आहे याची इंग्रजांना तेव्हा केवढी धास्ती होती ते आपल्याला पुण्यावरूनही दिसतं. त्याच १७७७ मध्ये सँ-लुबँ हा फ्रेंच पुण्यात येऊन नाना फडणविसांशी बोलणी करत होता आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती.)

चोरीची एक हकिगत तर फार विलक्षण आहे. ऑक्टोबर १७७७ मध्ये पासीहून काँग्रेससाठी सात महिन्यांच्या पत्रव्यवहाराचं पुडकं कॅप्टन फोल्जरबरोबर निघालं. बंदरावर जोसेफ हिन्सन नावाच्या, इंग्रजांना फितूर झालेल्या अमेरिकन कप्तानाने आतली पत्रं काढून घेतली आणि जागी कोरे कागद भरले. जानेवारी १७७८ मध्ये अमेरिकेतल्या यॉर्क गावी काँग्रेसच्या माणसांनी एवढ्या महिन्यांनी आलेलं पुडकं फोडलं, तर आत कोरे ताव! फ्रान्सशी तह होण्याच्या ऐन महिन्यांत काँग्रेसला आपल्या वकिलांकडून काही कळत नव्हतं. तह ६ फेब्रुवारी १७७८ ला झाला. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की पासीचे लोक किती गोष्टी केवळ स्वतःच्या जबाबदारीवर करत होते ते लख्ख दिसतं.

शुद्ध राजनैतिक पत्र कसं वाचायचं याचा एकच नमुना देते. ३० नोव्हेंबर १७८२ ला अमेरिकन वकिलांनी इंग्लंडशी तहाची प्राथमिक कलमं सही केली, फ्रान्सला न विचारता. फ्रेंच परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांचं १५ डिसेंबरचं पत्र आलं: तुमच्या वागण्याचा अर्थ मला लागत नाही. वरवर रागाचं पत्र. पण फ्रँकलिन त्याच वेळी फ्रान्सकडे नव्या कर्जाची विनवणी करत होता, आणि हे व्हर्जेनला ठाऊक होतं. १७ डिसेंबरचं उत्तर शब्दाशब्दाने वाचा. आमच्याकडून शिष्टाचाराची चूक झाली, पण राजाबद्दल अनादर म्हणून नव्हे; आणि इंग्रज म्हणे आपल्यात फूट पडली असं समजून खूश आहेत, म्हणून हा किरकोळ गैरसमज गुप्तच राहू दे. या शेवटच्या वाक्यात माफीही आहे आणि इशाराही. साठ लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) कर्ज मंजूर झालं आणि त्यातले सहा लाख लगेच जहाजावर चढले. आलेलं पत्र बाजूला काढलं तर हे उत्तर नुसतं गोड बोलणं वाटेल.

शास्त्रज्ञांची पत्रं तुमच्या विषयाला तितकी लागणार नाहीत, चाळून घ्या. फक्त १ ऑक्टोबर १७८३ चं एक पत्र चुकवू नका. आरासच्या एका पंचवीस वर्षांच्या वकिलाने फ्रँकलिनला आपल्या युक्तिवादाची छापील प्रत पाठवली आहे. सँ-ओमेर गावात एकाने घरावर फ्रँकलिननेच शोधलेला वीजवाहक, म्हणजे पडणारी वीज जमिनीत नेणारी सळई, बसवला, शेजाऱ्यांनी धास्ती घेऊन तो काढायचा हुकूम मिळवला आणि या वकिलाने वरच्या कोर्टात तो खटला जिंकला. सही आहे द रोबेस्पिएर, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला तोच. पासीतली शेजारीण मादाम ब्रियाँ हिची शंभराहून जास्त पत्रं आहेत, ती फ्रेंच शिकणाऱ्याने आवर्जून वाचावीत. प्रबंधासाठी दहा-बारा पुरेत.

शेवटी, या कागदांचं पुढे काय झालं ते सांगते, कारण तुम्ही काय वाचता आहात ते त्यावर ठरतं. फ्रँकलिनने कागद टेंपलला दिले. त्याने त्यातले निवडक बरोबर लंडनला नेले आणि बाकीचा मोठा साठा, ज्यात आलेली पत्रं भरपूर होती, फिलाडेल्फियाजवळ फॉक्स कुटुंबाकडे ठेवला. तो तिथे पन्नासेक वर्षं पडून होता. १८४० मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीला मिळाला. लंडनचे कागद १८८२ मध्ये अमेरिकन सरकारने विकत घेतले. १९५४ पासून येल विद्यापीठ आणि ही सोसायटी मिळून सगळं एकत्र छापण्याचं काम करत आहेत, चाळिसावर खंड झाले, आणि आलेली-गेलेली दोन्ही पत्रं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण टेंपलच्या निवडीमुळे महत्त्वाचं ते एकीकडे आणि फुटकळ ते दुसरीकडे अशी जी विभागणी झाली, ती आपल्या डोक्यात अजून आहे. तुमच्या प्रश्नातही ती आहे.

टेंपलच्या वडिलांचंही एक पत्र त्यात आहे. विल्यम फ्रँकलिन, बेंजामिनचा मुलगा, न्यू जर्सीचा गव्हर्नर, युद्धात राजाच्या बाजूने राहिला आणि शेवटी लंडनला गेला. २२ जुलै १७८४ ला त्याने बापाला लिहिलं: झालं गेलं सोडून पूर्वीचा जिव्हाळा परत जोडावा. जबाब १६ ऑगस्टचा आहे. म्हातारपणी एकुलत्या मुलाने मला सोडलं, एवढंच नाही तर माझ्याविरुद्ध शस्त्र धरलं, यासारखं मला कशानेच दुखावलं नाही, असं बापाने लिहिलं. पण आपण सगळे माणसं आहोत, चुकतो, असंही लिहिलं, आणि मी टेंपलला तुझ्याकडे पाठवतो म्हणून कळवलं. या दोन पत्रांच्या तारखा तुमच्या वहीत टिपा आणि मधले दिवस मोजा. पंचवीस भरतात. इंग्लंड ते पासी पत्र पोचायला तेव्हा एवढे दिवस लागत नव्हते.